निव्वळ वजन

मी जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी,
दोन्हीतला फरक तो माल.
ड्रायव्हर सांगतो ते ऐकून घेतो,
लिहितो मात्र काटा सांगेल ते.

रोझलिन आत्याच्या गोष्टीही एकदा अशाच काट्यावर घेतल्या.

आत्या म्हणायची, आपला मूळपुरुष कॅप्टन होता,
स्कॉटलंडचा, सहा फूट दोन इंच,
छावणीतल्या घोडदळाचा.
त्याची तलवार लढाईत मोडली.
तुकडा आपल्या घरी आहे, बायबलच्या खालच्या फळीवर,
पिवळ्या फडक्यात. नाताळला खोबरेल लावायचं.
आणि स्वतःच्या वाटणीचा गूळ तो पहाटे घोड्याला द्यायचा.
आणि आपले घारे डोळे.
पुरावा अजून काय पाहिजे रे तुला?

आमचं आडनाव गोवे.
शाळेत विचारायचे, गोव्याचे का?
हो म्हणायचो. सोपं पडायचं.

आधी तुकडा नेला मोंढ्यामागे, मुनीर नालबंदाकडे.
टांगे गेले, आता त्याच्याकडे वरातीच्या घोड्या तेवढ्या.
त्याने फडकं सोडलं, अंगठा फिरवला.
कानस आहे ही, म्हणाला, खूर घासायची.
समोरच्या पांढऱ्या घोडीचा पाय मांडीवर घेऊन
दोन हात मारूनही दाखवले.
खुराचा भुगा माझ्या चपलेवर पडला.
दीडशे वर्षं आम्ही कानशीला तेल लावत होतो.

चर्चच्या दफनवहीत, वाळवीने सोडलेल्या अर्ध्या पानावर:
गो, अलेक्झांडर. नालबंद. वय एकतीस. पटकी.
लढाई नाही.
उंची कुणी लिहिली नाही.
घारे डोळे तर आमच्या वॉचमनचेही आहेत,
तो घनसावंगीचा, त्याला कुणी पूर्वज विचारत नाही.

बॅन्फजवळच्या एका गावाला पत्र लिहिलं.
तिथल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी जुने बाप्तिस्मे चाळले.
त्या सालचे तीन अलेक्झांडर गो सापडले.
एक समुद्रात बुडाला, एक कॅनडात म्हातारा होऊन मेला,
तिसऱ्याचं पुढे काहीच नाही.
तो तुमचा असेल, त्यांनी लिहिलं, असेलच असं नाही.
ही ओळ मी काट्याच्या काचेला आतून चिकटवली आहे.

आत्याला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती.
कामून उकरायलास हे? म्हणाली.
मेलेल्या माणसाचा हुद्दा काढून घेऊन
तुझ्या पगारात काय भर पडली?

मी थांबणारच होतो.
मग लंडनहून, पैसे भरून मागवलेला, एका पानाचा फोटो आला.
दंडाच्या वहीचं पान:
नालबंद गो. कोठारातला गूळ, एक शेर,
परवानगीवाचून घोड्याला चारला.
सहा आणे कापून घ्यावे.

तीनदा वाचलं.
बाहेर गाडी उभी होती, वाजवत होती, वाजवू दिली.

कॅप्टन उडाला, तलवार उडाली, उंची हवेतच होती,
आणि हा शेरभर गूळ
पाच पिढ्यांच्या तोंडातून येऊन विरघळला नव्हता.

कुणी आणला इथवर?
मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा.
त्याच्या आईचं नाव कुठल्याच वहीत नाही,
मी सगळ्या पाहिल्या.
पण पहाटे तबेल्याशी तिच्याशिवाय कोण असणार?
तिनेच पाहिलं असेल, तळहात, घोड्याची जीभ,
आणि पोराला सांगताना
चोरीचा गूळ वाटणीचा केला असेल.
असेल. असेलच असं नाही.

संध्याकाळी आत्याला पान वाचून दाखवलं.
तिने चष्मा पुसला, सहा आणे म्हणजे किती विचारलं,
आणि म्हणाली,
वाटणीचाच होता.
कोठारवाला खोटं लिहील, आपला माणूस कशाला चोरील?

नाताळ जवळ आला होता. मी खोबरेल गरम केलं,
कानशीच्या दातांत बोटाने भरलं.
आत्या आतून ओरडली, तलवारीला नीट पूस.
पुसतो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिलीच गाडी सळईची.
बारा टन, ड्रायव्हर म्हणाला.
बघू, म्हटलं.