सातवा घागरा

भुसावळच्या मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
मी लोकरीची ट्रंक उघडतो.
कडुनिंबाचा वाळका पाला चुरचुरतो बोटांखाली
आणि द्वारका, अमळनेरची, ओट्यावरनं ओरडते,
"काढा तुमना घागरा, ऊनमा टाका!"
ऊन नको, रंग विटतो. ओसरीत.

सात आहेत. पार्सल ऑफिसातल्या अडतीस वर्षांची कमाई,
पेन्शन वेगळी.
निळा-हिरवा-काळा, जवळजवळ रात्रच, तो ब्लॅक वॉचचा.
त्यातच पिवळी रेघ ओढली की गॉर्डन,
पांढरी-तांबडी ओढली की सीफोर्थ.
गॉर्डनवाले चुण्या अशा घालतात
की दर चुणीवर पिवळंच उभं राहावं.

भावसाराचा मी. आजा फैजपुरात रंगाच्या हंड्यावर,
मेला तेव्हाही कोपरापर्यंत निळा.
म्हणून असेल, मी आधी धागे मोजतो,
मग भाव विचारतो.

खुमान पावरा, आमच्या ऑफिसातला हमाल,
एकदा मांडीवर घेऊन बसला एक.
त्याला सांगितलं: तिकडच्या डोंगरातल्यांनी बंड केलं,
राजानं त्यांच्या अंगावरचं हे कापड बंद केलं,
पस्तीसेक वर्षं.
राजाच्याच फौजेत गेलं तर मात्र चालायचं.
खुमान गप्प. मग म्हणाला,
"धरणगावला भिल्लांची पलटण होती ना, तसंच.
आधी तीरकामठं घेतलं, मग डगला दिला."
आणि परत दिला,
चुणी न मोडता.

सातवा रेल्वे कॉलनीतल्या मिस मर्टलचा,
घर रिकामं करताना दिलेला.
तिच्या आज्याचा की आज्याच्या दोस्ताचा, तिलाही नक्की नाही.
आत तागाच्या पट्टीवर शाईचा नंबर, एक बाण, साल पुसट.
पुढच्या पल्ल्याला चार बोटं रफू.
पांढरी लोकर मिळाली नसावी;
इथल्याच कुणा शिंप्यानं घातलंय
पारोळ्याच्या लुगड्याच्या काठाचं सूत, कुसुंबी.
चौकट बरोबर जुळवलीय, धाग्याला धागा.
रंग तेवढा आपला.

इन्व्हर्नेसच्या एका संग्राहकानं कळवलं:
रफू उसवा, किंमत दुप्पट होईल.
कात्री घेऊन बसलोही, दुपारभर.
भिंगातून टाके पाहिले. तिरके, बारीक,
एकही घाईचा नाही.

ऊन उतरलं.
द्वारकेनं दोरीवरचे सहा आणले,
सातवा माझ्या मांडीवर.
"हाऊ का बरं ओला?"
घाम, म्हटलं.
लोकर आहे ना.