सगळे

जिना सतरा पायऱ्यांचा.
मार्चपासून फिर्मँचा डावा खुबा स्टीलचा आहे,
म्हणून तो खाली झोपतो, बैठकीत, त्याच्या कॉम्प्युटरशेजारी,
आणि मी वर, माझ्या.
मध्ये राउटर, कठड्याला सुतळीने बांधलेला.

कबुतरांच्या वंशावळी माझ्याकडे.
चौऱ्याऐंशीपासूनच्या. पायातल्या कड्याचा नंबर, आई, बाप,
बूर्जहून घरी पोचायला लागलेला वेळ, सेकंदासकट.
तो सांगायचा, मी टाइप करायचे.
गिरणीत हिशेब लिहिलेली बोटं, त्यांना काय जड होतं.
आता त्याला त्या खाली हव्यात. शुक्रवारच्या आत. क्लबला द्यायच्यात.

मी फोल्डर शेअर केलं.
खालून हाक आली: दिसत नाही!
खाली गेले. पाहते तर त्याने नेटवर्कला
'सार्वजनिक' म्हणून ठेवलेलं,
जसं काही आपण बसस्टँडवर राहतो.
'खाजगी' केलं. वर आले. पिंग केलं.
चार पाकिटं गेली, चार परत आली,
त्याच्या कबुतरांहून इमानी.

आता?
दिसतंय. उघडत नाही.
काय म्हणतंय?
म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही.

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात
हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नाही.
दोन-तीनदा उच्चारायला हवं होतं.

दार एक नसतं, दोन असतात, हे मला त्या दुपारी कळलं.
शेअरचं वेगळं, फोल्डरचं वेगळं.
पहिलं सताड उघडं ठेवून मी
दुसऱ्याला कडी घालून बसले होते.
पुतण्याने, लीव्हनने, मागे एक चार ओळींचा मजकूर लिहून दिलेला,
तो चालवला की दुसरंही उघडतं:
'इडरेइन'ला वाचू द्या. इडरेइन म्हणजे सगळे.
वर चाललं.

खालीही तेच करायचं होतं, उलट्या बाजूने,
यंदाच्या पिल्लांचे फोटो मला वर हवे होते.
खाली ते यंत्र म्हणालं: इडरेइन? अशा नावाचं इथे कुणी नाही.

रोन्समध्ये रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत असतात.
माझा कॉम्प्युटर डच, त्याचा फ्रेंच,
जसे आम्ही. त्याच्याकडे सगळ्यांना
'तू ल मोंद' म्हणतात, आणि त्याच्या यादीत
माझे सगळे नव्हतेच.

माझे वडील लग्नाआधी म्हणाले होते, सगळ्यांना बोलावलंय.
हॉलमध्ये खुर्च्या मोजून मांडलेल्या.
फिर्मँची आई टेकडीपलीकडून दोन बस बदलून आली,
हातात प्लमचा टार्ट,
आणि भाषणं संपेपर्यंत कोटांच्या खुंट्यांखाली उभी राहिली.
मी पाहिलं होतं.
मी नवरी होते, उठले नाही.

लीव्हनला फोन लावला. तो म्हणाला, काकू, नाव लिहू नका.
नावं भाषेभाषेला बदलतात. खाली नंबर असतो, तो लिहा:
एस, एक, एक, शून्य.
जगातल्या कुठल्याही यंत्रावर हा नंबर म्हणजे सगळे.
एवढंसं?
एवढंसंच.

गालिच्यावर गुडघे टेकून टाइप केलं,
कारण त्याच्या खुर्चीत तोच बसलेला, आणि तो उठणार नव्हता.
एस. एक. एक. शून्य.
पिल्लं आली एकेक करून स्क्रीनवर,
ओली, कुरूप, चोचीच तेवढ्या मोठ्या.

मग त्याने माझं फोल्डर उघडलं.
चष्मा कपाळावर चढवला, बोट स्क्रीनला लावलं
(किती वेळा सांगितलंय, लावू नको),
वाचत गेला. शहाऐंशी. सत्त्याऐंशी.
थांबला.

त्या निळ्या मादीचा बाप चुकलाय.
तूच सांगितलेला.
मी असं सांगणार नाही. दुरुस्त करतो.
नाही करता येणार. तुला वाचायचीच परवानगी आहे.

तो वळून बघत राहिला, त्या खुब्याने वळता येईल तेवढं.
आणि लिहायची?

बघू, म्हटलं,
आणि सतरा पायऱ्या
जरा जास्तच सावकाश चढले.