बरोबरीची

तुर्की भाषेत वयाला याश म्हणतात,
ओल्यालाही याशच.
आणि बरोबरीच्या वयाचं जे कुणी, जे काही, ते याशित.
माणूस, झाड, शिलाई मशीन, सगळं त्यात मावतं.
आपला ‘समकालीन’ मात्र
जाकीट घालून व्यासपीठावर बसलेला.

सिव्रिहिसारच्या खाली, कालव्याच्या कडेला
मूल झालं की बाप पॉप्लरची काडी रोवायचा,
मुलीचं लग्न ठरलं की झाड विकायचा.
बेहिजेचं झाड विकायचं राहून गेलं.
लग्न उधारीवर लागलं
आणि झाडाच्या आधी मोडलं.

यंदा नगरपालिकेची चिठ्ठी आली: फांद्या विजेच्या तारेला लागतात.
नेवझात करवत घेऊन आला.
झाड पडलं तेव्हा पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले टोमॅटो
धुळीनं भरले, त्यावरून थोडी भांडाभांडी झाली,
मग चहा.

बेहिजे बुंध्याशी उकिडवी बसली,
नखानं वलयं मोजू लागली.
एकोणसाठ.
चष्मा आणून पुन्हा मोजली.
एकोणसाठच.
ओळखपत्रावर एकसष्ट.

नेवझात म्हणाला, माणूस चुकेल, लाकूड नाही चुकत.

मग तिला आठवली आत्या, मयताच्या घरी, कांदे चिरता चिरता:
तुझ्याआधी एक होती. गोवरानं गेली.
एवढ्या बर्फातून तालुक्याला नाव कमी करायला कोण जाणार?
नाव तसंच राहिलं, त्यात तुला घातलं.
मोठीच्या झग्यात धाकटीला घालतात तसं.

म्हणून वर्गात ती सगळ्यांत बुटकी,
सगळ्यांचे दात पडून आले तरी हिचे दुधाचेच.
म्हणून पेन्शन दोन वर्षं आधी, ज्याचं तिला
उगाच आपल्या नशिबाचं कौतुक.

पॉप्लरच्या रांगेत एका ठिकाणी
दोन पावलं जागा मोकळी आहे.
तिथे खुंटी होती, शेळी बांधायची.
बेहिजेनं कधी विचारलं नाही
शेळीला एवढी सरळ जागा कुणी सोडली.

बोट ओलं झालं होतं. पुसलं नाही.

ताई, या ओंडक्याचं काय करू? नेवझातनं विचारलं.
तू साठीचा ना रे?
पुढच्या महिन्यात लागेल.
मग मला ताई म्हणू नकोस, ती म्हणाली,
ताई दुसरी होती.