साल

इन्व्हरकार्गिलच्या शाळेत टामाटी
सकाळी सातला दंताळं घेऊन मैदानात उतरतो.
जूनच्या हिमाने भुसा कडक झालेला,
पाइनच्या साली, ढलप्या, त्यांत कुणाची हरवलेली केसांची क्लिप.
तो पट्टी खुपसतो. काठाला तीस सेंटिमीटर.
लोंबकळायच्या दांड्यांखाली, बरोबर मधोमध,
अकरा.

मऊपणा जातो कुठे, मला विचारतो,
जणू ऑफिसात बसून मला ते ठाऊक असणार.
मी फक्त वही लिहिते :
तारीख, वेळ, नाव, कुठे लागलं, फोन कुणाला केला.
शेवटचा रकाना, कारण.

गुरुवारी अनाहेरा तिसऱ्या दांडीवरून सुटली.
रडली नाही. डावं मनगट उजव्या हातात धरून आली,
दुसऱ्याच कुणाचं सामान पोचवायला आल्यासारखी.
बर्फाच्या पिशव्या संपलेल्या,
मी स्टाफरूममधले गोठलेले वाटाणे लावले.
‘हे परत कुणी खाणार का?’ तिने विचारलं.
वडील ब्लफच्या धक्क्यावरून आले,
कालवांचा वास तसाच अंगावर घेऊन,
आणि तिच्या बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

मग तपासणीवाला आला. तिपाई, वायर,
आणि लहान मुलाच्या डोक्याएवढा धातूचा गोळा.
उंचावरून सोडायचा, आकडा वाचायचा,
उचलून पुन्हा सोडायचा.
टामाटी तेवढा वेळ कुंपणाकडे बघत राहिला.
‘नापास,’ माणूस म्हणाला, ‘पण थोडक्यात.’
गिलरॉयबाईंनी रबराच्या फरशीचा दर विचारला,
ऐकला,
आणि त्याला बिस्किट दिलं.

आता खिडकीतून दिसतं मला, टामाटी.
उतरताना मुलं टाचा रोवतात,
पुन्हा चढायला पळताना मागे भुसा उडवतात.
जिथं पडायचं तिथलीच साल
सालभर पायांनी बाहेर जाते.
जिथं कुणी कधी पडत नाही
तिथं, काठाला, गुडघाभर मऊ.

सोमवारी अनाहेरा आली. हिरवं प्लास्टर,
त्यावर चौदा सह्या आणि एक वाकडा मासा.
मधल्या सुट्टीत दांड्यांखाली उभी राहून
बुटाने साल आत लोटत होती,
काठाकडून मध्याकडे, काठाकडून मध्याकडे.
कुणी सांगितलं नव्हतं.
पायाने दाबून पाहिलं. मग वर पाहिलं.

मी खिडकी उघडली, ओरडणारच होते.
तिचा एक हात वर गेला होता,
चांगला.

रकाना अजून कोराच आहे.