मार्फत

पोस्टात ट्रेनिंग झालं, तासाभराचं, चहासकट.
साहेब म्हणाले, सगळा देश आता चौकोनांत कापलाय,
चार मीटर लांब, चार मीटर रुंद,
डोंगर, शेतं, रस्ते, समुद्रसुद्धा,
आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरं.
मी हात वर केला,
मुठेच्या मधोमध टपाल कोणाला द्यायचं?
साहेब म्हणाले, लडकत, बसा.

एकतीस वर्षं या शहराचे पत्ते वाचतोय मी.
'पत्र्या मारुतीच्या पुढे,
पूर्वी जिथे सायकली भाड्याने मिळत तिथे.'
'विचारल्यास कोणीही सांगेल.'
आणि विचारल्यावर कोणीही काहीही सांगतं.
देवांनासुद्धा इथे खुणेचा दगड करून टाकलंय,
तेही बिचारे सांगतात, उजवीकडे वळा.

पण पर्वतीच्या उतारावर, कालव्याच्या वर,
जनता वसाहतीत, खुणाही अपुऱ्या पडतात.
तिथे गजराबाई ओव्हाळ.
छत्तीस वर्षं त्यांचा पत्ता एकच:
मार्फत शेवाळे किराणा.
बँकेची नोटीस, भाचीची लग्नपत्रिका,
नवऱ्याच्या कारखान्यातून आलेला तो शेवटचा लिफाफा,
सगळं आधी शेवाळ्यांच्या गल्ल्यामागे,
डब्यांच्या फळीवर, मग त्यांच्या हातात.
शेवाळ्यांनी उघडलं नाही कधी काही.
पण हातावर तोलून त्यांना कळायचं,
गजरा, बसून वाच हं, म्हणायचे.
प्रत्येक कागदाला हिंगाचा वास.

तर मी फोन काढला त्यांच्या दारात.
निळा ठिपका थरथरला,
आधी कालव्यात पडला,
मग मुजावरांच्या पत्र्यावर चढला,
मग दमून थांबला.
दहा अक्षरं आली.

ही माझी?
तुमची.
खालच्या मुजावरांची कुठली?
हीच.
आणि माळ्यावर तो शिकाऊ पोरगा राहतो, त्याची?
हीच, बाई. नकाशाला वर-खाली कळत नाही.
त्यांची खोली दहा बाय नऊ फूट.
चौकोनात ती मावते,
वर मुजावरांचा ओटा, सामायिक नळ
आणि थोडी गटारही.

मी अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली.
त्यांत ए नाही, आय नाही, ओ नाही,
एकही स्वर घेतलेला नाही, घोटाळा नको म्हणून.
शून्य नाही. एकसुद्धा नाही.
आकडे दोनापासून सुरू होतात.
गजराबाई एकट्याच राहतात.

यात शेवाळे कुठायत?
नाहीत.
अजिबात?
आता त्यांची गरज नाही, म्हणालो मी,
साहेबांच्याच आवाजात,
आणि उगाच पिशवीचा पट्टा सारखा केला.

महिन्याने गेलो तर दारावर पाटी.
पेंटरने अक्षरं झोकात काढलेली,
फक्त जे उलटा.
खाली गजराबाईंनी स्वतः, खडूने:
मधली खोली.
जिन्याची तिसरी पायरी नाही.
खालूनच हाक मारावी.

त्या कोडावर आलेला पहिलाच लिफाफा होता,
पेन्शन ऑफिसचा, खिडकीवाला.
मी खाली उभा राहून ओरडलो,
गजराबाई!
मुजावरांची कोंबडी उडाली,
माळ्यावरच्या पोराने कानातली वायर काढली,
त्या आल्या,
तिसरी पायरी न बघता ओलांडून.

सही केली.
लिफाफा उलटासुलटा पाहिला,
आणि फोडायच्या आधी
नाकाशी नेला.