कक्ष एकशे बासष्टमधला टेटू

पंचनाम्यात मी लिहिलं :
झाड टेटू, एक नग. उंची अंदाजे अठरा हात.
बुंध्याशी खड्डा, गुडघाभर.
दक्षिणेकडची मुळं कुऱ्हाडीनं तोडलेली.
नुकसानीची किंमत —
या रकान्यात काय भरू, साहेबांना विचारलं.
म्हणाले, सागाचा दर लाव आणि निम्मा कर.

नशीर तडवीनं खड्ड्यात माती ओढली,
शेण कालवून जखमेवर थापलं.
म्हणाला, मी बकऱ्या चारायचो तेव्हा
या नाल्याला असे चाळीस होते.
चाळीसच कशावरून?
बकऱ्या चाळीस होत्या, मॅडम.
दुपारी एकेकीला एकेक सावली यायची.

मूळ कुणी विकलं ते बाजारात दोन तासांत कळलं.
ठुगीबाई पावरा. किलोला पस्तीस रुपये.
दशमुळाच्या पोत्यातून चोपड्याला गेलं,
पुढं कुठल्या काढ्याच्या बाटलीत, कोण जाणे.
मी वर्दीत तिच्या अंगणात उभी.
ती मोहाची फुलं पसरत होती, थांबली नाही.
मी शिरपूरकडची, आईची भाषा काढली :
मावशी, एकच उरेल व्हतं.
तिनं मान वर केली.
"एक नही. आखो एक शे. माले मालूम शे."
कुठं?
"तू लिखशी?"

मी पेन खिशात ठेवलं.

दोन तास चाललो.
ती मुद्दाम एकाच ओढ्यावरून तीनदा नेत होती,
मी मुद्दाम मोजत नव्हते.
कपारीत उभं होतं ते,
खाली वाळल्या देठांचा ढीग,
कुणाची तरी हाडं पडावीत तसा.
शेंग एकही नाही.
इकडच्यालाही नव्हती, कित्येक वर्षं.
मधे अख्खा डोंगर, आणि दोघंही एकेकटी.

टेटूचं फूल रात्री उघडतं.
जांभळट, जाड ओठांचं,
वास ओल्या चामड्याचा.
वटवाघळांसाठी असतं ते,
पण पाड्यावरचा वड कोसळल्यापासून
वटवाघळं या अंगाला फिरकत नाहीत.
मग आषाढात आम्हीच वटवाघळं झालो.
ठुगीबाईचा नातू काडेपेटीत पराग घेऊन
अंधारात डोंगर उतरून यायचा,
नशीर शिडीवर, दातांत बॅटरी,
हातात कोंबडीचं पीस,
आणि शिडी धरून खाली मी,
सरकारी टॉर्चचे सेल संपलेले.

तेरा फुलं केली.
सकाळी तेराही खाली चिखलात.
मला भरूनच आलं.
नशीर म्हणाला, फूल गळतंच हो.
वर देठ बघा.

चार शेंगा धरल्या.
तलवारीएवढ्या झाल्या, माघात वाळून करकरल्या.
त्या फुटण्याआधी ठुगीबाईनं
जुनं लुगडं फाडून एकेकीला बांधलं,
कारण टेटूचं बी म्हणजे कांद्याचा पापुद्रा,
मधोमध एक डाग.
जरा वारा आला की
वनखात्याच्या हद्दीबाहेर.

रोपवाटिकेच्या रजिस्टरात रकाना होता : बीजस्रोत.
मी लिहिलं, स्थानिक.
साहेब म्हणाले, स्थानिक म्हणजे कुठलं?
अक्षांश-रेखांश लागतात.
म्हटलं, आईचे आहेत, घ्या.
बापाचं नाव विचारू नका.
ते हसले नाहीत. सही मात्र केली.

तीनशे चाळीस लावली.
पहिल्या उन्हाळ्यात वणवा,
मग साळिंदर, मग आमच्याच ट्रॅक्टरचं चाक.
आज एकाहत्तर आहेत.
दर सोमवारी मोजते, कधी सत्तरच भरतात,
मग परत पहिल्यापासून.

ठुगीबाई अजून खणते. शतावरी, सालवण.
मी अजून तिला हटकते, ती अजून ऐकत नाही.
टेटूचं एक मूळ मी तोडलं, म्हणते,
बाकीची कुणी, तो तुझा धंदा, शोध.

परवा रोपवनात वाकलेली दिसली, हातात पहार.
मी शिट्टी ओठांशी नेली, वाजवली नाही.
तिनं एका रोपाजवळची माती उकरली,
आत बोट घालून चाचपलं,
बाळाच्या हिरडीत दात आला का पाहावा तसं,
आणि पुन्हा माती सारली.