तिसरा गट

नेहरूनगरच्या कॉलेजात, उंदरांच्या खोलीत
भरमाण्णा कंग्राळकर सकाळी साडेसातला पिंजरे उघडतो.
पहिल्या गटाला नुसतं पाणी.
दुसऱ्याला इंजेक्शन.
तिसऱ्याला तेच इंजेक्शन, वर
ई जीवनसत्त्वाचं तेल, ड्रॉपरनं,
हात जरा सैलच.
"अण्णा, मोजून!" मॅडम ओरडतात.

दुसऱ्या गटाचं वहीआधी त्यालाच कळतं:
भुसा चिंब ओला,
आणि उंदीर कोपऱ्यात, अंग फुगवून.

रस्त्यापलीकडं वॉर्डात तुळसाक्का.
तिचं आज एकविसावं इंजेक्शन.
क्रिएटिनिन दोन पॉइंट एक.

काल त्यानं विचारलं,
"मॅडम, तिसऱ्या गटाचं तेल
माणसाला चालतंय काय ओ?"
मॅडमनी चष्मा पुसला. लई वेळ पुसला.
"उंदरांपुरतंच म्हायती आहे, अण्णा."

वॉर्डाची पाटी कन्नडात. त्याला वाचता येत नाही.
नर्सनं बोट ठेवून वाचली: मूत्रपिंड.
"म्हणजे दोन्हीकडं एकच की ओ," तो म्हणाला,
आणि पिशवीतून
खानापूरच्या रानातले आवळे काढले.
डॉक्टरला विचारल्याबिगर देणार नाही म्हणाला.
उशाशी ठेवले,
सात,
मोजून.